येवांदेच्या बाबांचं नाव बदललं त्याची गोष्ट

लामिदी शिंप्याच्या बाजूला फक्त सहा बिया उरल्या होत्या. आणखी दोन चाली, आणि अयोचा, म्हणजे खळग्यांच्या पाटावरच्या बियांच्या खेळाचा, डाव अदिगुन ओयेगोकेचा होता. इबादानच्या मोकोला वस्तीतल्या लाकडाच्या वखारीत, रचलेल्या फळ्यांच्या मागे, जिथे वखारीच्या मालकालासुद्धा चार माणसं बसलीयत हे ठाऊक नव्हतं, तिथे त्याने बी उचलायला हात पुढे केला आणि पाटावर एक बारकीशी सावली पडली.

शाळेच्या गणवेशातली एक सात वर्षांची मुलगी फळ्यांच्या फटीतून आत आली, रीतीप्रमाणे गुडघे टेकून तिने सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही युनियनच्या मीटिंगला गेलाय असं आईने सांगितलं. म्हणून मी इकडे आले."

लामिदी इतका हसला की त्याच्या गुडघ्याने पाट उडाला आणि बिया भुशात गेल्या. डाव रद्द. आठवड्यातला हा तिसरा.

"जा रे बाबा," लामिदी डोळे पुसत म्हणाला. "तुझी आई आलीय."

हे तो अगदी शब्दशः म्हणाला होता. अदिगुनची आई अबेनी वारली आणि पाचव्या महिन्यात घरात ही मुलगी जन्मली, तेव्हा नाव काय ठेवायचं याची चर्चासुद्धा झाली नाही. आठव्या दिवशी थोरल्या काकांनी बाळाच्या जिभेला मध लावला आणि 'येवांदे' म्हणून मोकळे झाले. येवांदे म्हणजे 'आई मला शोधत आली'. आता, गेलेली आई नातीच्या रूपाने येते यात इबादानमध्ये कुणाला काही नवल नाही. अदिगुनच्या गल्लीतच तीन येतुंदे होत्या. पण येतुंदे म्हणजे नुसतं 'आई परत आली'. त्या तिघी परत आल्या होत्या आणि निमूटपणे पाढे पाठ करत होत्या. अदिगुनचीच आई तेवढी शोधत आली होती.

आणि ती शोधायची. रांगायला लागल्यापासून. पलंगाखाली लपलेला बाप, न्हाव्याकडे तोंडाला फेस लावून बसलेला बाप, स्वतः बाप्टिस्ट असून कॅथलिक चर्चच्या शेवटच्या बाकावर डुलकी काढणारा बाप, असे सगळे तिने शोधून काढले होते. एकदा तर तो रताळ्यांच्या ट्रकमध्ये मागे बसून मित्राबरोबर गप्पा मारत होता. ट्रक सुरू झाला, पुढच्या चौकात थांबला, आणि चौकात ही उभी. "बाबा, टाकीत पाणी भरायचं राहिलं."

रागवावं तर तीही सोय नव्हती. आजीचं नाव घेतलेल्या मुलीला बापाने 'आई' म्हणायचं, ही घरची पद्धत. 'आई, नाक पूस' असं म्हटल्यावर माणसाचा अधिकार तो किती उरणार? जमीन मोजणी खात्यात अकरा वर्षं नकाशे काढणारा, दोन शिकाऊ पोरं हाताखाली असलेला हा माणूस घरी आला की, 'आई, मी जरा बाहेर जाऊन येऊ का,' असं विचारताना स्वतःलाच ऐकू यायचा.

वखारीतल्या प्रकारानंतर त्याने ठरवलं, या मुलीचं नाव बदलायचं. एवढी साधी गोष्ट. एक अर्ज, एक शिक्का, संपलं.

वरच्या मजल्यावर फागबेमी मास्तर राहायचे. चौतीस वर्षं हेडमास्तरकी केल्यामुळे न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देण्याची त्यांना सवय होती. विचारल्यावर तर त्यांनी खुर्चीच ओढली.

"ओयेगोके, नाव म्हणजे मुलाला जन्मतः दिलेली नोकरी. तू मुलीला शोधखात्यात चिकटवलंस. ती इमानदारीने हजेरी लावते, तर तूच तक्रार करतोस?"

"मग काय करू, सर?"

"बदली कर तिची. बैठ्या कामावर." मास्तरांनी डोळे मिटून अर्धा तास विचार केला. निदान अदिगुनला तो विचार वाटला. मधे एकदा घोरण्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "जोकोतोला. वैभवाच्या शेजारी बसून राहा. यात 'बसून' हा शब्द फार महत्त्वाचा आहे."

अदिगुनला नाव एकदम पसंत पडलं. डोळ्यांसमोर ती चित्रासारखी बसलेली दिसली.

तळमजल्यावर अलहाजा सिकिरातचं कापडाचं दुकान होतं. अदिगुन मास्तरांचा जिना उतरायच्या आधीच गोष्ट तिच्या कानावर गेली होती. "नाव बदला की. पण बारसं पुन्हा करावं लागेल, ते कुणी सांगितलं का तुम्हाला? नवीन नाव, नवीन मध, शकुनाला नवीन कोलाचं फळ. आणि बोकड. मागच्या बोकडावर हे नाव चालायचं नाही. आणि बायका काय आपापल्या जुन्या झग्यांत येणार? माझ्याकडे पन्नास वार निळं कापड आलंय, सगळ्याजणींना एकाच नक्षीचं होईल. घेऊन ठेवा, संपलं तर मला बोलू नका."

बायको मोरेनिके तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "माझं काही म्हणणं नाही. तिला विचारलंत का?"

"सात वर्षांच्या पोरीला काय विचारायचं?"

"तेही खरंच. सासूबाईंना तरी तुम्ही कधी काय विचारलं होतं?"

या वाक्यातला खोचकपणा अदिगुनच्या लक्षात रात्री जेवताना आला, तोवर उत्तर द्यायची वेळ निघून गेली होती.

बुधवारी तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून कोर्टात गेला. प्रतिज्ञापत्रांच्या खिडकीत एसान नावाचा कारकून होता. त्याचा चष्मा सुतळीने बांधलेला होता आणि स्वभावही तसाच, घट्ट.

"मुलीचा जन्मदाखला?"

अदिगुनने दिला. एसानने तो वाचला, उलटा करून वाचला, उजेडाकडे धरून वाचला. "यात नाव कुठंय?"

"हे काय. 'बेबी ओयेगोके, स्त्री'."

"तेच म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने तुमच्या मुलीचं नाव बेबी आहे. तुम्ही येवांदेचं जोकोतोला करायला आलात. पण येवांदे ही व्यक्तीच जर नाही, तर तिचं मी जोकोतोला कसं करू?"

"अहो, सगळी गल्ली तिला येवांदे म्हणते!"

"गल्लीला घेऊन या."

शेवटी तोड निघाली ती अशी. आधी अदिगुनने शपथेवर लिहून द्यायचं की माझी मुलगी येवांदेच आहे, दुसरी कुणी नाही. मग त्याच टेबलावर, त्याच पेनाने, दुसऱ्या कागदावर शपथ घ्यायची की ती येवांदे नाही, जोकोतोला आहे. दोन शपथांच्या मधे किमान एक दिवस गेला पाहिजे, नाहीतर खोटी शपथ होते. गुरुवारी पुन्हा रजा. दोन्ही कागद झाले, आणि त्यातला एक कोर्टाच्या टंकलेखकाने जाहिरातीसाठी वर्तमानपत्राच्या माणसाकडे दिला. नाव बदललं की पेपरात नोटीस द्यावी लागते. त्याशिवाय ते बदललं असं कुणी मानत नाही.

पेपरच्या माणसाला जागा कमी पडली. त्या पानावर चार श्राद्धाच्या जाहिराती होत्या आणि मेलेल्या माणसांचे फोटो लहान करता येत नाहीत. तेव्हा त्याने अदिगुनच्या नोटिशीतली एक ओळ काढली. 'माझी मुलगी येवांदे' या शब्दांची ओळ. उरलेलं वाक्य त्याने आपल्या हिशेबाने जुळवून घेतलं.

शुक्रवारी सकाळी अदिगुन नाश्ता न करताच लवकर कचेरीत पोचला, कारण दोन दिवसांची कामं साचली होती. दारातच हेडक्लार्क ओगुनदिरान पेपर घेऊन उभे होते. त्यांनी मोठ्याने वाचलं, "'मी, पूर्वीचा अदिगुन ओयेगोके, यापुढे जोकोतोला या नावाने ओळखला जाईन. माझी सर्व जुनी कागदपत्रे वैध राहतील.' अभिनंदन, जोकोतोलाबाई!"

जोकोतोला हे बाईचंच नाव असतं असं काही नाही. पण हे समजावून सांगण्याच्या मनःस्थितीत कुणीच नव्हतं. शिकाऊ पोरांनी नकाशाच्या टेबलाखाली तोंडं घातली होती आणि टेबल हलत होतं.

हसण्यापुरतं असतं तर अदिगुनने गिळलं असतं. पण सोमवारी मुख्य ड्राफ्ट्समनच्या जागेसाठी मुलाखती होत्या. अकरा वर्षं तो त्या एका खुर्चीकडे बघत आला होता. ओगुनदिराननी यादी काढली. "इथे ओयेगोके, अदिगुन असं आहे. असा माणूस आता सरकारच्या लेखी नाही. पेपरात आलंय, मी काय करू? कोर्टातून मूळ प्रतिज्ञापत्राची शिक्क्याची नक्कल आणा, नाहीतर मला ही ओळ खोडावी लागेल." आणि त्यांनी लाल पेन उघडून तयार ठेवलं, बंद केलं नाही.

ते उघडं पेन बघून अदिगुन तसाच कोर्टाकडे पळाला. कुठे चाललोय हे कुणाला सांगायचं त्याला सुचलं नाही. एसान जागेवर नव्हता. त्याच्या मेव्हण्याच्या सासऱ्याच्या पहिल्या पुण्यतिथीचं जेवण होतं. शिपाई म्हणाला, कालचे कागद मागच्या दफ्तरखान्यात गेले असतील, बघा जाऊन. अदिगुन बघायला गेला. दफ्तरखान्यात छतापर्यंत फडताळं, त्यांत गाठोडी, गाठोड्यांवर धूळ. कालचे कागद वरच असतील असं त्याला वाटलं, म्हणून तो शिडीवर चढला. वर एकोणीसशे बासष्ट साल होतं.

तो एका ओळीत सत्तर सालापर्यंत आला असेल, तेवढ्यात खाली दार लागल्याचा आवाज झाला. मग कुलपाचा.

"अहो! मी आत आहे!"

शुक्रवारचा दिवस. अर्धं कोर्ट नमाजाला, उरलेलं एसानच्या जेवणाला. बराच वेळ ओरडल्यावर गजांच्या खिडकीशी एक म्हातारा पहारेकरी आला. त्याने आत निरखून पाहिलं.

"कोण तू?"

"मी..." अदिगुनने तोंड उघडलं आणि थांबला. गेले दोन दिवस या इमारतीत त्याने या विषयावर इतक्या शपथा घेतल्या होत्या की क्षणभर त्याला काय सांगावं ते कळेना.

"स्वतःचं नाव आठवत नाही?" पहारेकरी दोन पावलं मागे सरकला. "आत दारू पिऊन शिरलास काय? सोमवारी साहेब आले की बघू." आणि तो निघून गेला.

अदिगुन वरच, सत्तर सालाच्या गाठोड्यावर बसला. तहान लागली होती. आपण कुठे आहोत हे या जगात एकाही माणसाला ठाऊक नाही, हे त्याच्या हळूहळू ध्यानात आलं. आयुष्यभर त्याने हेच मागितलं होतं. असं पूर्वी फक्त एकदाच घडलं होतं, आणि त्या आठवणीला तो सहसा हात लावत नसे. आज ती समोरच येऊन बसली आणि हलेना.

इकडे दुपारी एक वाजता कचेरीतून घरी निरोप आला: आयुक्तसाहेब सोमवारी परगावी चाललेत, मुलाखती आजच, तीन वाजता, ओयेगोके किंवा जे कोणी असतील त्यांनी यावं. मोरेनिकेच्या हातातली पळी खाली पडली. फागबेमी मास्तर काठी घेऊन वखारीत गेले, लामिदी शिंपी न्हाव्याकडे धावला, अलहाजाने पोराला रताळ्यांच्या ट्रककडे पिटाळलं. अदिगुनची लपायची जागा अशी एकही नव्हती जी सगळ्या मोकोल्याला पाठ नव्हती. तो कुठेच नव्हता. तेवढ्यात येवांदे शाळेतून आली, तिने दप्तर ठेवलं, पाणी प्यायली आणि अलहाजाला म्हणाली, "आजी, मला कोर्टात नेता? रस्ता ओलांडायला मोठं माणूस लागतं."

पावणेतीनला गजांच्या खिडकीत एक ओळखीचं डोकं दिसलं. टाचा उंचावल्यामुळे ते हलत होतं.

"बाबा, तुमची मुलाखत आहे. खाली उतरा."

"दाराला कुलूप आहे, आई!" अदिगुन शिडीवरून जवळजवळ पडलाच.

"हो, किल्लीवाले आजोबा आलेत माझ्याबरोबर. ते विचारतात, तुम्ही कोण."

"मी तुझा बाबा!"

"ऐकलंत ना, आजोबा?" ती मागे वळून म्हणाली. "मी सांगितलं होतं तेच म्हणतात."

पाठीमागून अलहाजाचा आवाज आला. तिने पहारेकऱ्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार करायला नुकतीच सुरुवात केली होती, पण दुसऱ्या पिढीपर्यंत पोचायच्या आत कुलूप उघडलं.

टॅक्सीतून उतरून कचेरीचा जिना चढेपर्यंत तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. अदिगुनच्या डोक्यावर, भुवयांवर, कॉलरीवर धूळ होती आणि हातात नक्कल नव्हती. ओगुनदिराननी त्याला आत सोडलं ते लाल पेन हातात धरूनच. टेबलामागे तीन साहेब होते. मधले, टोपी घातलेले वयस्क आयुक्त, पेपर पुढ्यात घेऊन बसले होते.

"या. ओयेगोके की जोकोतोला?"

"ओयेगोके, साहेब. अदिगुन. ती छपाईची चूक झाली. मुलीचं नाव बदलायचं होतं."

"कागद आहे?"

"कागद... मिळाला नाही, साहेब."

"मग तुम्ही तुम्हीच आहात हे ओळखणारं कुणी?"

अदिगुनने ओगुनदिरानकडे पाहिलं. अकरा वर्षं रोज सकाळी ज्याच्या हजेरीबुकात सही केली तो माणूस छताकडे बघत होता. नियम म्हणजे नियम. तेवढ्यात अर्ध्या उघड्या दारातून येवांदे आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण दार उघडं होतं आणि प्रश्न ऐकू आला होता. तिने गुडघे टेकून तिघांना नमस्कार केला.

"हे माझे बाबा आहेत. हे नकाशे काढतात. नद्या निळ्या शाईने काढतात आणि ती शाई घरी आणत नाहीत, कारण ती सरकारची आहे."

डावीकडच्या साहेबांनी खोकल्याचं निमित्त करून रुमाल तोंडाला लावला. आयुक्त पुढे वाकले. "आणि तुझं नाव काय, बाळ?"

ती क्षणभर बापाकडे बघत राहिली. घरात काय चाललंय हे तिला सगळं ठाऊक होतं. मास्तरांचा आवाज तीन मजले ऐकू जातो. अदिगुनच्या कानशिलावरून घामाचा ओघळ धुळीत रस्ता काढत खाली आला.

"येवांदे," अदिगुनच म्हणाला. "हिचं नाव येवांदे आहे, साहेब."

आयुक्तांनी पेपराची घडी घातली आणि बाजूला ठेवली. "आई स्वतः शोधत आली म्हटल्यावर अजून कसली ओळख पाहिजे? ओगुनदिरान, ते पेन बंद करा, शाई वाळतेय. बसा ओयेगोके. आणि त्यांना पाणी द्या कुणीतरी."

मुलाखत वीस मिनिटं चालली. जागा त्याला मिळाली. तसं पत्र यायला पुढे चार महिने लागले, आणि त्यात आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं, पण त्याने ते दुरुस्त करायचा विचारसुद्धा केला नाही. कोर्टातली दोन्ही प्रतिज्ञापत्रं आजही तिथेच कुठेतरी आहेत. रद्द करायला तिसरी शपथ लागेल असं एसानने सांगितलं, तेव्हा अदिगुनने हात जोडले. अलहाजाने निळं कापड त्याला बढतीच्या निमित्ताने विकलंच.

पण त्या संध्याकाळी, अलहाजा टॅक्सीने पुढे गेल्यावर, बापलेक चालत घरी निघाले. रस्त्याच्या कडेला एक बाई तळलेली केळी विकत होती. अदिगुनने कागदात बांधून घेतली आणि दोघं कट्ट्यावर बसले.

"तुला कळलं कसं?"

"तुम्ही नाश्ता न करता गेलात. खेळायला जाताना तुम्ही जेवून जाता." तिने एक काप फुंकून तोंडात टाकलं. "आणि बाकीच्या जागा सगळे बघतच होते. मग मी न बघितलेली जागा बघायची ना? दोन दिवस तुम्ही कोर्टातच तर जात होता."

मग आजवर मोरेनिकेलाही न सांगितलेली गोष्ट अदिगुनने तिला सांगितली. आई गेली त्या दिवशी तो लामिदीबरोबर नदीकाठी एका झोपडीत खेळत होता. दवाखान्यातून तीन माणसं त्याला शोधायला निघाली होती. आई सारखी दाराकडे बघत होती म्हणे. त्या जागेचा कुणाला पत्ता नव्हता. ती त्याने मुद्दाम कुणाला सांगितली नव्हती. तो संध्याकाळी शीळ वाजवत घरी आला.

"मी जिंकलो होतो त्या दिवशी," तो म्हणाला. "सगळे डाव. सगळ्यांनी शोधलं, पण मी कुणाला सापडलो नाही."

येवांदेने शेवटचं काप त्याच्या हातावर ठेवलं आणि बोटं फ्रॉकला पुसली.

"तेव्हा मी नव्हते ना," ती म्हणाली.